लोह एकच, ऑक्साइडे तीन : बदलत्या प्रभाराच्या धातूंची सूत्रे कशी मांडावीत

कुंड्यांना लावायचा गेरू आणि लोखंडाच्या टाचण्या ओढून घेणारा काळा मॅग्नेटाइट दगड, दोन्ही लोहाची ऑक्साइडे. मारुतीच्या अंगावरचा पारंपरिक शेंदूर आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत धन पट्टीवर असणारा गडद तपकिरी लेप, दोन्ही शिशाची ऑक्साइडे. धातू तोच, ऑक्सिजन तोच, पण रंग निराळा, गुण निराळे आणि रेणुसूत्रही निराळे. नववी-दहावीच्या वहीत गाडी नेमकी इथेच अडते. सोडियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम यांची संयुजा पाठ असली की सूत्र आपसूक जमते. ‘लोहाच्या ऑक्साइडचे सूत्र लिहा’ म्हटले की मात्र कोणती संयुजा घ्यावी हेच समजत नाही. ते समजणारही नाही, कारण प्रश्नच अर्धवट आहे. लोहाची ऑक्साइडे एकाहून जास्त आहेत, आणि कोणते हवे ते सांगितल्याशिवाय सूत्र लिहिता येत नाही.

अशा सूत्रांचा हिशेब धातूपासून सुरू करू नये, ऑक्सिजनपासून करावा. धातूचा प्रभार, म्हणजे चिन्हासह मांडलेली त्याची संयुजा, बदलता असतो, पण साध्या ऑक्साइडमध्ये ऑक्सिजनच्या प्रत्येक अणूचा प्रभार -२ हा ठरलेला. पूर्ण संयुग उदासीन असते. म्हणून ऑक्सिजनच्या अणूंचा एकूण ऋणप्रभार जितका, तितकाच धनप्रभार धातूच्या सगळ्या अणूंनी मिळून भरून काढायचा. नियम एवढाच. पुढची सगळी गुंतागुंत हा नियम कुठे आणि कसा लावायचा याची आहे.

सूत्रे इथे वर्गात मोठ्याने वाचतात तशीच लिहिली आहेत. एफ-ई-टू-ओ-थ्री म्हणजे लोहाचे दोन अणू आणि ऑक्सिजनचे तीन. संज्ञेच्या पायाशी लिहितात तो आकडा म्हणजे पादांक. तो १ असला तर लिहीत नाहीत आणि वाचतही नाहीत.

आता लोहाची दोन सूत्रे उलगडून पाहू. एफ-ई-ओ मध्ये ऑक्सिजनचा एक अणू, म्हणजे -२. समोर लोहाचा एकच अणू, म्हणून त्याचा प्रभार +२. एफ-ई-टू-ओ-थ्री मध्ये ऑक्सिजनचे तीन अणू, एकूण -६. हे ६ लोहाच्या दोन अणूंनी वाटून घ्यायचे, म्हणजे प्रत्येकी +३. गेरूला लाल रंग देणारे ऑक्साइड हेच. कोकण-गोव्यातल्या जांभ्या दगडाचा तांबूसपणाही याच्याच कुळातला आणि गडचिरोलीतल्या सुरजागडचे हेमॅटाइट म्हणजे मुख्यतः हेच संयुग.

उलट दिशेने, म्हणजे नावावरून सूत्राकडे जाताना, बहुतेक विद्यार्थी तिरकस गुणाकार वापरतात. धातूचा प्रभार ऑक्सिजनखाली लिहायचा आणि ऑक्सिजनचा २ धातूखाली. पद्धत चुकीची नाही, पण ती अर्ध्यात सोडून देण्याची सवय लागते. शिशाचा प्रभार +४ असेल तर तिरकस गुणाकाराने पी-बी-टू-ओ-फोर मिळते आणि ते तसेच उत्तर म्हणून लिहिले जाते. त्याला २ ने भागून पी-बी-ओ-टू करायचे असते. त्यापेक्षा लसावि काढणे जास्त भरवशाचे. ४ आणि २ यांचा लसावि ४, म्हणून शिशाचा एक अणू पुरतो आणि ऑक्सिजनचे दोन लागतात. ३ आणि २ यांचा लसावि ६, म्हणून लोहाचे दोन आणि ऑक्सिजनचे तीन. १ आणि २ यांचा लसावि २, म्हणून तांब्याचे दोन आणि ऑक्सिजनचा एक. भागाकार करायचा राहून जाण्याचा प्रश्नच येत नाही.

सर्वांत जास्त गुण जातात ते नावातल्या रोमन आकड्यामुळे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टॉक यांनी १९१९ मध्ये सुचवलेल्या पद्धतीनुसार धातूच्या नावापुढे कंसात रोमन आकडा लिहितात. तो आकडा धातूच्या एका अणूवरचा प्रभार सांगतो, अणूंची संख्या सांगत नाही. तांब्याची दोन ऑक्साइडे पाहिली की घोटाळा कुठे होतो ते स्पष्ट दिसते. कॉपर (एक) ऑक्साइडचे सूत्र सी-यू-टू-ओ आहे. नावात एक, पण तांब्याचे अणू दोन. कॉपर (दोन) ऑक्साइडचे सूत्र सी-यू-ओ. नावात दोन, पण तांब्याचा अणू एक. रोमन आकडाच पादांक समजून लिहिला तर ही दोन्ही सूत्रे बरोबर उलटी होतात. पहिले ऑक्साइड लाल असते, दुसरे काळे, तेव्हा ही अदलाबदल फक्त कागदावरची राहत नाही.

जुन्या पुस्तकांत आणि औषधांच्या लेबलांवर अजून फेरस-फेरिक, क्युप्रस-क्युप्रिक (तांब्याची), स्टॅनस-स्टॅनिक (कथिलाची) ही नावे भेटतात. शेवटी ‘अस’ असेल तर कमी प्रभार, ‘इक’ असेल तर जास्त. मात्र कमी म्हणजे किती हे नाव सांगत नाही. फेरस म्हणजे २ आणि क्युप्रस म्हणजे १. फेरिक म्हणजे ३, पण क्युप्रिक म्हणजे २ आणि स्टॅनिक म्हणजे ४. ‘इक म्हणजे तीन’ असे पाठ करणाऱ्याचा लोहाचा प्रश्न बरोबर येतो आणि बाकी सगळे चुकतात.

प्रभार बदलतो कशामुळे, याचे थोडक्यात उत्तर इलेक्ट्रॉनांच्या मांडणीत आहे. लोहाच्या अणूत शेवटचे इलेक्ट्रॉन तीन-डी उपकवचात सहा आणि चार-एस उपकवचात दोन असतात आणि दोन्हींच्या ऊर्जेत फारसा फरक नसतो. चार-एसमधले दोन गेले की +२. डीमधला आणखी एक गेला की +३, आणि डीमध्ये उरलेले पाच इलेक्ट्रॉन म्हणजे नेमके अर्धे भरलेले उपकवच, जे बरेच स्थिर असते. शिशाचे कारण वेगळे. त्याच्या बाह्यतम कवचात चार इलेक्ट्रॉन असले तरी त्यातली एस जोडी सहजी बाहेर पडत नाही. म्हणून +२ सोपे आणि +४ प्रबळ ऑक्सिडीकारक, म्हणजे इतरांकडून इलेक्ट्रॉन ओढून घेणारे. सोडियमला एक इलेक्ट्रॉन गमावल्यावर पुढचा इलेक्ट्रॉन आतल्या कवचातून काढावा लागतो आणि त्याला प्रचंड ऊर्जा लागते, म्हणून त्याला दुसरा पर्याय नाही.

आता खरी अडचण, अपूर्णांक. मॅग्नेटाइटचे सूत्र एफ-ई-थ्री-ओ-फोर. ऑक्सिजनचे चार अणू, -८. लोहाचे अणू तीन. ८ भागिले ३ म्हणजे २.६७. इलेक्ट्रॉनाचे तुकडे होत नाहीत, मग हा प्रभार आला कुठून? २.६७ ही फक्त सरासरी आहे. प्रत्यक्षात तीन अणूंपैकी एकाचा प्रभार +२ आणि दोघांचा +३, बेरीज ८. म्हणून मॅग्नेटाइटला आयर्न (दोन, तीन) ऑक्साइड म्हणतात.

शेंदुराचा सांगाडा हुबेहूब असाच आहे, पी-बी-थ्री-ओ-फोर. सरासरी पुन्हा २.६७. इथे मात्र वाटणी वेगळी आहे. शिशाचे दोन अणू +२ चे आणि एक +४ चा. दोन्हीकडे बेरीज ८ च होते, मग कोणती वाटणी कोणत्या धातूची हे गणितातून कळत नाही. ते धातूच्या स्वभावातून कळते. लोहाची नेहमीची रूपे +२ आणि +३, शिशाची +२ आणि +४. +३ चे शिसे साध्या संयुगांत आढळत नाही. मँगनीज आणि कोबाल्ट यांचीही तीनास चार अशी ऑक्साइडे आहेत आणि त्यांची वाटणी लोहासारखी, एक +२ आणि दोन +३.

शेंदुरात दोन प्रकारचे शिसे आहे हे डोळ्यांनी पाहता येते. केशरी पुडीवर प्रयोगशाळेतले विरल नायट्रिक आम्ल टाकून किंचित गरम केले की केशरी रंग जातो आणि तळाशी गडद तपकिरी पूड उरते. +२ चे शिसे आम्लात विरघळून लेड नायट्रेट झाले. +४ चे शिसे विरल नायट्रिक आम्लात विरघळत नाही, ते पी-बी-ओ-टू म्हणून मागे राहिले. बॅटरीच्या धन पट्टीवर असते ते हेच. एक रेणुसूत्र शेंदूर, चार रेणू नायट्रिक आम्ल, त्यातून दोन लेड नायट्रेट, एक लेड डायऑक्साइड आणि दोन पाणी. म्हणून शेंदुराचे सूत्र दोन पी-बी-ओ आणि एक पी-बी-ओ-टू असे फोडूनही लिहितात. त्यातले पी-बी-ओ म्हणजे आपल्याकडचे मुर्दाडशिंग. ही तिन्ही शिशाची संयुगे विषारी आहेत. प्रयोग चिमूटभर पुडीवर करावा, द्रावण मोरीत ओतू नये, वेगळ्या बाटलीत साठवावे. शेंदूर तोंडात किंवा जखमेत जाऊ देऊ नये, लहान मुलांच्या हाती तर लागूच नये.

हातात अनोळखी ऑक्साइड असेल आणि नाव माहीत नसेल, तर सूत्र तराजूवर ठरते. काळ्या तांब्याच्या ऑक्साइडचे उदाहरण घेऊ. कोरड्या पोर्सेलिनच्या बोटीत (लहान लांबट पात्रात) १.५९ ग्रॅम ऑक्साइड तोलून ती कठीण काचेच्या नळीत ठेवायची आणि वरून हायड्रोजन सोडायचा. नळीतली हवा पूर्ण गेली आहे याची खात्री झाल्याशिवाय बर्नर पेटवायचा नाही. हवा आणि हायड्रोजन यांचे मिश्रण स्फोटक असते, म्हणून हा प्रयोग जाणकार शिक्षकांसमोरच करावा. तापवल्यावर काळी पूड तांबूस होते आणि नळीच्या थंड टोकाला पाण्याचे थेंब जमतात. शेवटी १.२७ ग्रॅम तांबे उरले, तर गेलेला ऑक्सिजन ०.३२ ग्रॅम. आता अणुवस्तुमानाने भागायचे, म्हणजे अणूंच्या संख्येचे माप, मोल, मिळते. १.२७ भागिले ६३.५ म्हणजे ०.०२ मोल तांबे. ०.३२ भागिले १६ म्हणजे ०.०२ मोल ऑक्सिजन. गुणोत्तर १ : १, सूत्र सी-यू-ओ. तेवढेच १.२७ ग्रॅम तांबे १.४३ ग्रॅम लाल ऑक्साइडातून मिळाले असते, तर ऑक्सिजन ०.१६ ग्रॅम, म्हणजे ०.०१ मोल, गुणोत्तर २ : १ आणि सूत्र सी-यू-टू-ओ. तांबे तेवढेच ठेवले तर ऑक्सिजन बरोबर दुप्पट होतो. जॉन डाल्टन यांच्या गुणित प्रमाणाच्या नियमाचे हे अगदी चोख उदाहरण.

उत्तर चुकते ते बहुधा तीन कारणांनी आणि प्रत्येक चुकीची दिशा ठरलेली असते. बोटीच्या तळाची पूड काळीच राहिली तर ऑक्सिजन कमी भरतो. बर्नरबरोबर हायड्रोजनही बंद केला तर गरम तांबे हवेतला ऑक्सिजन परत घेते, तेव्हाही ऑक्सिजन कमीच भरतो. म्हणून बर्नर विझवल्यावर नळी थंड होईपर्यंत हायड्रोजन चालू ठेवावा लागतो. तिसरे कारण ओलावा. मूळ पूड दमट असेल तर उडून गेलेले पाणीही ऑक्सिजनच्या खात्यात जमा होते आणि ऑक्सिजन जास्त भरतो. पूड आधी सुकवून घ्यावी. नंतरही तापवणे, थंड करणे, तोलणे हे चक्र लागोपाठची दोन वजने सारखी येईपर्यंत चालवावे.

लोहाच्या बाबतीत तराजूची परीक्षा आणखी कडक असते. २.३२ ग्रॅम काळ्या ऑक्साइडातून १.६८ ग्रॅम लोह मिळाले असे समजा. लोह १.६८ भागिले ५५.८५ म्हणजे ०.०३ मोल, ऑक्सिजन ०.६४ भागिले १६ म्हणजे ०.०४ मोल. लहान संख्येने भागल्यावर १ : १.३३. हा १.३३ पाहून ‘जवळपास १’ म्हणून एफ-ई-ओ लिहिणारे किंवा ‘जवळपास १.५’ म्हणून एफ-ई-टू-ओ-थ्री लिहिणारे, दोघेही चुकतात. दशांशात ०.३३ दिसले की ३ ने गुणायचे, ०.५ दिसले की २ ने, ०.२५ दिसले की ४ ने. १ : १.३३ ला ३ ने गुणले की ३ : ४, मॅग्नेटाइट. तेवढ्याच २.३२ ग्रॅम हेमॅटाइटमध्ये ऑक्सिजन सुमारे ०.७० ग्रॅम असतो. म्हणजे दोन्हींमधला फरक फक्त ०.०६ ग्रॅम. ०.१ ग्रॅमपर्यंतच मोजणाऱ्या काट्यावर हा निवाडा होणार नाही, ०.००१ ग्रॅमचा काटा हवा. आणि हायड्रोजनने तयार झालेली बारीक लोहपूड गरम असताना हवेत काढली तर आपोआप पेट घेऊ शकते, म्हणून ती हायड्रोजनमध्येच थंड करणे इथे जास्तच गरजेचे.

सूत्रावरून निघणाऱ्या धातूच्या टक्केवारीचा खाणीच्या व्यवहारातही उपयोग होतो. शुद्ध हेमॅटाइटमध्ये लोह ६९.९ टक्के आणि शुद्ध मॅग्नेटाइटमध्ये ७२.४ टक्के. निव्वळ हेमॅटाइटच्या धातुकात ७५ टक्के लोह असल्याचा अहवाल कोणी दाखवला, तर नमुना पाहण्याचीही गरज नाही, सूत्रच तो खोटा ठरवते.

मँगनीजकडे पाहिले की ‘प्रभार’ या शब्दाची मर्यादाही लक्षात येते. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून मँगनीज डायऑक्साइडचे धातुक निघते. साध्या सेलमधल्या काळ्या पुडीत कार्बनबरोबर असते ते हेच संयुग, एम-एन-ओ-टू, मँगनीज +४. त्याशिवाय हिरवट एम-एन-ओ मध्ये +२, एम-एन-टू-ओ-थ्री मध्ये +३, आणि एम-एन-टू-ओ-सेव्हनमध्ये १४ भागिले २ म्हणजे +७. या शेवटच्यात सात इलेक्ट्रॉन गमावलेला सुटा मँगनीज आयन शोधू नये, तो तिथे नसतो. बंध सहसंयुज, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेणारे असतात, पदार्थ तेलकट द्रव असतो आणि स्फोटक असतो. पोटॅशियम परमँगनेटवर संहत सल्फ्युरिक आम्ल कधीही ओतू नये, त्याचे कारण हेच ऑक्साइड. म्हणून नेमकेपणाने बोलायचे तर रोमन आकडा म्हणजे ऑक्सिडीकरण अंक, सगळे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनने नेले असे धरून मांडलेला हिशेब. सूत्र काढायला तो पुरतो. जाता जाता वागणुकीचाही अंदाज देतो. एकाच धातूत हा अंक लहान असेल तर ऑक्साइड आम्लारिधर्मी, मोठा असेल तर आम्लधर्मी. एम-एन-ओ आम्लात विरघळते, एम-एन-टू-ओ-सेव्हन पाण्यात गेले की स्वतःच आम्ल बनते.

एफ-ई-ओ हे सूत्र वर इतक्या सहज लिहिले, पण ते सोयीपुरते आहे. नैसर्गिक असो की भट्टीतले, या ऑक्साइडमध्ये लोह नेहमी थोडे कमीच भरते. ऑक्सिजनच्या १०० अणूंमागे लोहाचे साधारण ९५. मग उदासीनतेचे काय? ऑक्सिजनचे -२०० आहेत. ९५ अणूंपैकी ८५ जण +२ चे आणि १० जण +३ चे असतील, तर १७० अधिक ३०, बरोबर २००. स्फटिकात लोहाच्या काही जागा रिकाम्या राहतात आणि बाकीच्यांपैकी काही अणू एकेक जादा इलेक्ट्रॉन देऊन ती तूट भरतात. संयुगाचे घटक प्रमाण कायम असते असे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रूस्त यांचे म्हणणे होते आणि क्लोद बर्थोले यांचा त्याला विरोध होता. तो वाद प्रूस्त जिंकले. तरीही असे थोडेफार प्रमाण बदलणारे पदार्थ पुढे सापडलेच आणि त्यांना बर्थोले यांचेच नाव मिळाले, बर्थोलाइडे.

एक सापळा राहिला, आणि तो ऑक्सिजनच्या -२ मध्येच आहे. बी-ए-ओ-टू, म्हणजे बेरियमचे ऑक्साइड. नियम सरधोपट लावला तर बेरियम +४ येते. पण बेरियम दुसऱ्या गणातला धातू, बाह्यतम कवचात इलेक्ट्रॉन दोनच. +४ शक्यच नाही. म्हणजे इथे ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना जोडलेले आहेत आणि त्या जोडीवर मिळून -२, प्रत्येकी -१. हे पेरॉक्साइड. सोडियमचे एन-ए-टू-ओ-टू तसेच, आणि त्याला २ ने भागून एन-ए-ओ लिहिणे चूक, कारण जोडी मोडता येत नाही. पोटॅशियमच्या के-ओ-टू मध्ये तर पूर्ण जोडीवर फक्त -१ असतो. पी-बी-ओ-टू आणि बी-ए-ओ-टू कागदावर जुळी भावंडे दिसतात. थंड विरल सल्फ्युरिक आम्ल घातले की बेरियमवाले पांढरा साका आणि हायड्रोजन पेरॉक्साइड देते. गाळलेल्या द्रवात चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड टाकले की ऑक्सिजनचे बुडबुडे येतात. शिशाच्या डायऑक्साइडमधून हायड्रोजन पेरॉक्साइड मिळत नाही, कारण त्यात ऑक्सिजनची जोडीच नाही.

म्हणून काढलेला आकडा धातूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांशी ताडून पाहावा. प्रवेश परीक्षांत हटकून येणारे सी-आर-ओ-फाइव्ह घ्या. पाचही ऑक्सिजन -२ धरले तर क्रोमियम +१० येते, आणि क्रोमियमकडे द्यायला बाहेरचे इलेक्ट्रॉन आहेत सहाच. तेव्हा ऑक्सिजनच्या दोन जोड्या, चार अणू -१ चे, आणि उरलेला एक -२ चा. एकूण -६, क्रोमियम +६. हे गडद निळे संयुग पाण्यात लगेच विघटित होते आणि ईथरच्या थरात काही वेळ टिकते.